आठ मागांची शिफारस

७ जुलै १९९७, सोमवार

झोनल ऑफिसचं परिपत्रक आलं. चार पानं. त्यातली साडेतीन पानं मंदी म्हणजे काय ते समजावण्यात गेली आहेत, जणू सुरतेत बसून आम्हाला ते कळत नव्हतं. शेवटच्या अर्ध्या पानात मुद्दा आहे: यंत्रमागवाल्यांना नवीन पैसा देताना हात आखडता घ्यावा, मात्र लायक कर्जदाराची अडवणूक होऊ नये. लायक कोण ते लिहिलेलं नाही. ते मालती भोयरने ठरवायचं, कारण या शाखेची कर्ज-अधिकारी मी आणि जागेवर जाऊन पाहणी करणारीही मीच.

आमचे मॅनेजर योगेंद्र व्यास यांनी परिपत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि चष्मा पुसत बसले. म्हणाले, "आकडे तर सगळ्यांचेच पडलेत, मालतीबेन. आकड्यांवर जाल तर सगळ्यांनाच ना म्हणावं लागेल. आता माणूस बघा. तुम्ही लिहाल त्यावर मी सही करणार."

पाहणीच्या फॉर्मात अकरा रकाने आहेत. शेवटचा, 'कर्जदाराचं वर्तन व सहकार्य'. उत्तम, समाधानकारक, असमाधानकारक, यांपैकी एकावर खूण करायची. वर्ध्याला असताना मी बावीस वर्षं डोळे मिटून 'समाधानकारक'वर खूण केली. चांगल्या दिवसांत त्या रकान्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आता सगळं त्याच्यावरच येऊन बसलं आहे.

सुरतेत आज तीन महिने झाले. आई गेली, त्यानंतर बढती आली, आणि बढती नाकारायला घरात कोणी उरलंच नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा 'जय श्रीकृष्ण' म्हणतात. बँकेबाहेरचं माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच. ही वही आणली ती त्यासाठीच. निदान मराठीत चार वाक्यं जुळवता येतात.

१२ जुलै, शनिवार

सुपडू सोनवणे आला होता, बायकोला घेऊन. मूळचा अमळनेरकडचा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या, मग त्र्याण्णव साली आमच्याच शाखेच्या कर्जातून आठ जुने माग घेतले आणि लिंबायतला भाड्याच्या शेडमध्ये टाकले. हप्ते नियमित आहेत. चाळीस हजारांच्या आसपास बाकी आहे.

त्याचं म्हणणं साधं आहे. सूतवाला आता उधार देत नाही, रोख मागतो. कापड घेणारा व्यापारी मात्र पैसे चार महिन्यांनी देतो. मधल्या चार महिन्यांत सूत कुठून आणायचं? साठ हजार मिळाले तर दिवाळीपर्यंत माग चालतील, दिवाळीत माल उठेल, पैसे परत. नाही मिळाले तर माग उभे राहतील, आणि उभ्या मागाचं शेडभाडं तीन महिन्यांत माणसाला खाऊन टाकतं. हे त्याने सांगितलं नाही, मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात त्याच गल्लीतले चाळीस माग भंगारात गेले.

बायकोचं नाव रुक्मिणी. टेबलावरचा पेपरवेट उलटा पडला होता, तो तिने सरळ करून ठेवला.

१३ जुलै, रविवार

एसटीडी बूथवरून वर्ध्याला धाकट्या बहिणीला, शोभाला फोन. मावशीचा फोन म्हटल्यावर भाच्याने रिसीव्हर ठेवला तो चार मिनिटं तसाच. मागे टीव्ही ऐकू येत होता. मग शोभा आली आणि म्हणाली, पाहुणे आलेत, पुढच्या रविवारी बोलू. छप्पन्न रुपये झाले.

१९ जुलै, शनिवार

सुपडूच्या शेडची पाहणी. आधी कळवलं नव्हतं. कळवून गेलं की सगळे माग धडधडत असतात आणि आपण निघालो की बंद होतात, हे मी इथे पहिल्याच महिन्यात शिकले. म्हणून मी पंचनाम्याआधी मागाच्या मोटारीवर हात ठेवते. आत्ताच चालू केलेली मोटार गार लागते. सुपडूच्या आठही मोटारी गरम होत्या. तो हसला, म्हणाला, "मॅडम, हात भाजंल."

दोन कारागीर, स्वतः सुपडू, आणि सुताच्या कांड्या भरायला रुक्मिणी. हिशेबाची वही वेडीवाकडी पण रोजची लिहिलेली. मी चाळीस मिनिटं उभी होते. इतक्या आवाजात बोलता येत नाही, त्यामुळे कोणी चहा-पाणी, मस्का असलं काही केलं नाही.

निघताना रुक्मिणी मागे आली. मागाची रुई उडून माझ्या केसांत अडकली होती. तिने काही न विचारता माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि एकेक धागा वेचून काढला. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कोणाचा हात लागला नव्हता. मला रडू येईलसं वाटलं, म्हणून मी घड्याळात बघितलं आणि उशीर झाला म्हणाले.

रिक्षेत बसताना ती म्हणाली की श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसते, दहा ऑगस्टच्या रविवारी, मी दर्शनाला यायचंच. बघू म्हटलं. पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत मी मनातल्या मनात साडी ठरवत होते, आता काय सांगायचं.

२६ जुलै, शनिवार

शिफारशीचा मसुदा लिहिला. अनुकूल. शेवटच्या रकान्यात 'उत्तम' लिहायला हात शिवशिवत होता, 'समाधानकारक'वर थांबले. अधिकाऱ्याने हातचं राखून असावं.

व्यास साहेब म्हणाले, घाई करू नका. या तिमाहीत यंत्रमागाचा एखादाच नवा प्रस्ताव झोनला पटवता येईल. कतारगामच्या ललितभाईंचाही अर्ज आहे, तीच रक्कम, आकडे तितकेच वाईट. दोघांची पाहणी पूर्ण करा आणि पंधरा ऑगस्टच्या आधी एक नाव द्या.

२ ऑगस्ट, शनिवार

ललितभाईंकडे गेले. बारा माग, सात चालू. फोल्डिंगची खुर्ची, पंखा माझ्याकडे फिरवलेला, ताटलीत पेढे. "बेन, तमे तो घरना जेवा छो." घरच्यासारख्या. हे वाक्य ते आयकर अधिकाऱ्यालाही म्हणत असणार, मी काही दुधखुळी नाही. मोटारी तीन गरम, चार गार. नोंद केली. मनात सुपडूचं नाव पक्कं आहे.

वर्तमानपत्रात थायलंडचं चलन कोसळल्याची बातमी. तिथलं स्वस्त सूत आणि कापड इकडे येणार म्हणतात. म्हणजे दिवाळीत माल उठेलच असं नाही. तरीही.

१० ऑगस्ट, रविवार

सविस्तर लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

दुपारी चारला निघाले. हिरवी नारायणपेठ नेसले होते. नारळ, ब्लाऊजपीस आणि अर्धा किलो पेढे घेतले. पर्समध्ये पाहणीचं रजिस्टरही टाकलं. तिकडे जातेच आहे तर दुसरी पाहणीही उरकून घ्यावी, एवढाच हेतू. सकाळपासून जेवले नव्हते. कोणाकडे सणाला जायचं तर पोटात जागा ठेवून जावं, अशी आमच्या घरची रीत.

गल्लीत मांडव, त्यावर लाइटच्या माळा. घरात तीस-चाळीस माणसं, सगळी त्यांच्याच गोतातली, अमळनेर-पारोळ्याहून आलेली. घराशेजारच्या शेडचं दार उघडं होतं, माग बंद. मी आधी तिकडे डोकावले. सगळे माग थांबलेले, आणि तीन मागांवर सुताचा बीमच, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळच, नाही. गेल्या वेळी आठही भरलेले होते. सुपडू धावत आला. आज कानबाई आहे, आज माग बंद असतात, म्हणाला. आणि ते तीन बीम? सूत संपलं, म्हणाला. मी रजिस्टर काढून नोंद केली. त्याने ते बघितलं.

कानबाई सुरेख मांडली होती. चौरंगावर नारळाची देवी, तिला नथ, डोळे रेखलेले, भोवती फुलं. बायका अहिराणीत गाणी म्हणत होत्या. मला त्यातलं निम्मं कळलं, निम्मं नाही, पण ऐकत राहावंसं वाटलं. मी नारळ ठेवला, नमस्कार केला. रुक्मिणीने कुंकू लावलं. "तुम्ही उनात, बरं वाटनं," म्हणाली, म्हणजे आलात ते बरं वाटलं.

मग जेवणाची वेळ झाली आणि मला बाहेर ओट्यावर आणून बसवलं.

आत पंगत बसली. पुरणाचा, तुपाचा, गंगाफळाच्या भाजीचा वास ओट्यावर येत होता. कानबाईचा रोट म्हणतात त्याला, पुरण भरलेला जाड मोठा मांडा. एकेकाच्या ताटात तो पडताना दारातून दिसत होता. मला बशीतून चहा आला आणि दुकानातून आणलेली बिस्किटं, पुड्यासकट. सुपडूची मुलगी चंचल बारडोलीहून आली आहे, नवरा साखर कारखान्यात आहे. तिला माझ्याजवळ बसवून ठेवलं होतं. मी आत डोकावू नये म्हणून असणार. ती पण चहाच पीत होती, पाहुणीला सोबत म्हणून. दोघी बिस्किटं बुडवत बसलो. ती कारखान्याच्या क्वार्टरला पाणी येत नाही असलं काहीबाही सांगत होती, माझं लक्ष नव्हतं.

एक लहान मूल हातात रोटाचा तुकडा घेऊन उंबऱ्यापर्यंत आलं. त्याच्या आजीने त्याचा दंड धरून त्याला आत ओढलं, आणि ओढताना माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

साठ हजार मागायला माझ्यापुढे येतात आणि देवीचा प्रसाद म्हणून घासभर द्यायला यांचा हात पुढे होत नाही. मी परजातीची म्हणून? एकटी बाई म्हणून? सणावाराला एकट्या बाईला लांब ठेवतात ते मला नवं नाही. शोभाच्या मुलाच्या लग्नात मला हळदीच्या वेळी स्वयंपाकघरात काम निघालं होतं. पण ते आपलं घर, गिळून टाकलं. इथे मी बँकेची अधिकारी म्हणून गेले होते.

साडेपाचला उठले. रुक्मिणी आतून हात पुसत आली, थांबा म्हणाली, जागर ऐकून जा. मी उशीर झाला म्हणाले. घरी येऊन खिचडी टाकली आणि अर्धी तशीच राहिली.

११ ऑगस्ट, सोमवार

जुना मसुदा फाडला. नवा लिहिला. सुपडू सोनवणे: दुसऱ्या पाहणीच्या वेळी आठही माग बंद. तीन मागांवर बीम नाहीत. सुताचा साठा नगण्य. मंदीच्या काळात समारंभावर अवाजवी खर्च, मांडव, रोषणाई, तीस-चाळीस माणसांचं जेवण. कर्जदाराचं वर्तन व सहकार्य: असमाधानकारक. प्रस्ताव शिफारसयोग्य नाही.

ललितभाईंचं नाव पुढे दिलं.

भावनेच्या भरात काही लिहिलं गेलं नाही ना, याची खात्री करायला मसुदा दोनदा वाचला. एकही वाक्य खोटं नाही. व्यास साहेबांनी सही केली, मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पुढची फाइल घेतली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

स्वातंत्र्याची पन्नास वर्षं. बँकेत झेंडावंदन, मग सगळे आपापल्या घरी. माझ्या वाट्याची जिलबी रुमालात बांधून आणली. संध्याकाळी ती मऊ पडली होती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सुपडूला पत्र गेलं होतं, आज तो आला. एकटाच. वाद घातला नाही, हे मला अवघड गेलं. वाद घालणाऱ्यांसाठी माझ्याकडे उत्तरं असतात. त्याने एवढंच विचारलं, "मॅडम, आमची काही चूक झाली का?"

धोरण आहे, वरून आलं आहे, असं मी म्हणाले. 'वरून' म्हणताना हातानेही छताकडे दाखवलं. त्याने पण वर बघितलं.

१ सप्टेंबर, सोमवार

सुपडूचा अर्ज. माग बँकेकडे तारण आहेत, ते विकायची परवानगी मागितली आहे. चालू माग म्हणून घेणारं कोणी नाही, भंगारवाला वजनावर घेतोय. येणाऱ्या पैशातून बँकेची बाकी फिटेल. मी लिहिलं: बँकेची पूर्ण वसुली होत असल्याने हरकत नाही. सही केली. डोकं दुखत होतं, दुपारी अर्धी रजा घेतली आणि घरी येऊन काहीच केलं नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

काल गणपती बसले. आमच्या बँकेतला शिपाई धुडकू आज डब्यातून मोदक घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, अमळनेरकडचाच, बोलतो कमी. पहिला डबा माझ्या टेबलावर उघडला. मी एक घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तुम्ही खानदेशी लोक बाहेरच्याला प्रसाद देता वाटतं?

त्याला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, हसत हसत, जणू गंमत म्हणून. कानबाई, ओटा, बिस्किटांचा पुडा.

धुडकू हसला नाही. त्याने डबा बंद केला आणि म्हणाला, "मॅडम, रोट बाहेरच्याले कोणालेच देत नाहीत. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं मूठमूठ गहू काढता, त्याचंच पीठ. ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचं. उंबऱ्याबाहेर गेलं तर घरातली बरकत गेली, असं मानता. आमच्याकडं सख्खा मेव्हणा असला तरी नाही. लग्न करून दिलेली लेक बी नाही."

मी विचारलं, लेक पण नाही?

"नाही. ती दुसऱ्या कुळाची झाली ना. तिले बाहेर चहा देता. तुम्हाले कुठं बसवलं होतं?"

ओट्यावर, त्यांच्या मुलीजवळ, मी म्हणाले.

"मग लेकीजवळच बसवलं तुम्हाले," धुडकू म्हणाला, आणि डबा घेऊन काउंटरकडे गेला.

मांडवाचं पण विचारलं मी, तो परत आल्यावर. तो म्हणाला, मांडव गल्लीच्या वर्गणीचा असतो. गहू ज्याचा त्याचा. सुपडूचं गेलं असेल तर गूळ-डाळीचं, तेही भावांत वाटून.

त्या मुलीने पण त्या दिवशी आत पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या आईच्या हातचं होतं सगळं, आणि ती माझ्याबरोबर बिस्किटं खात बसली होती. पाण्याचं सांगत होती. मी ऐकलं सुद्धा नाही.

आज वर्ध्याला फोन करायची ताकद नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पहिल्यांदा व्यास साहेबांकडे. सोनवण्यांचा प्रस्ताव फेरविचारासाठी पाठवता येईल का, विचारलं. ते म्हणाले, कारण? काय लिहू? अधिकाऱ्यास प्रसाद न मिळाल्याने गैरसमज झाला होता?

त्यांनी फाइल मागवून माझी टिपणी वाचली. वाचताना बोट फिरवत होते. माग बंद, खरं आहे? खरं आहे. बीम रिकामे? हो. साठा नव्हता? नव्हता. म्हणाले, मग चूक कुठे आहे, बेन? शेवटच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं होतं. माझं लक्ष त्या बोटावर होतं. ते चूक आहे, असं मी म्हटलं नाही. ललितभाईंना पैसे मिळून तीन आठवडे झाले, ते म्हणाले, आता दुसरा प्रस्ताव कुठून आणू.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत रिक्षा केली आणि लिंबायतला गेले. परवानगीचं पत्र माझ्या सहीचं, ते थांबवता येतं असं वाटत होतं.

घणांचे आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होते. भंगारवाल्याची दोन माणसं माग फोडत होती. पाच फोडून झाले होते, बिडाचे तुकडे दाराशी काट्यावर चढत होते. सहावा चालू होता. सुपडू स्वतः पान्याने नट-बोल्ट सोडवून देत होता, म्हणजे घण कमी मारावे लागतील. तो एवढ्या नीट सोडवत होता, वंगणाचा हात पुसून परत. पुन्हा जोडायचा असावा असं.

रुक्मिणीने मला बघितलं आणि खुर्ची आणली. "बठा ताई." मी बसले नाही. सहा मोडल्यावर दोनांचं काय थांबवायचं? पण ते खरं नाही. थांबा म्हणता आलं असतं. दोन माग राहिले असते. मी दाराशी उभी राहिले आणि मग बँकेची वेळ झाली म्हणून निघाले.

२२ सप्टेंबर, सोमवार

सुपडू खातं बंद करायला आला. अडतीस हजार दोनशे दहा. सगळे भंगाराचेच नव्हते, दीड हजार कमी पडले ते भावाने दिले. रोखपालाने मोजले, मी तारणाचे कागद काढून दिले, 'काही येणे बाकी नाही' असं पत्र टाइप करून त्याच्या हातात ठेवलं. त्याने दोन्ही हातांनी घेतलं.

समोर दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, सुपडूभाऊ, तुमच्या फॉर्मवर मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती.

तो म्हणाला, "तुम्ही काय लिहिलं ते मी वाचलं नाही, मॅडम. इंग्रजीत होतं."

मग पत्राची घडी करत म्हणाला, "खरं सांगू का. पत्र आलं तेव्हा भाऊ म्हणे, दुसऱ्या बँकेत जाऊ, सहकारीत जाऊ. मी नाही म्हटलं. म्हटलं, मॅडमनी नुसते कागद पाहून नाही म्हटलेलं नाही. दोनदा घरी आल्या. कानबाईच्या दिवशी आल्या, माझं सगळं गणगोत तिथं होतं. सगळं डोळ्यांनी पाहून माणूस नाही म्हणतो, तर आपल्यातच काही कमी असलं पाहिजे."

तेव्हा सांगायला हवं होतं: तुमच्यात काही कमी नव्हतं, मला तुमच्या घरातलं व्हायचं होतं, आणि तुम्ही केलंत तेव्हा मला ते ओळखता आलं नाही. एवढंच. दहा सेकंदांचं बोलणं. पण मग त्याने विचारलं असतं, म्हणजे दुसऱ्या बँकेत जायला हवं होतं का? त्याचं उत्तर हो आहे. हो म्हणून त्याला काय दिलं असतं मी?

मी म्हटलं, रुक्मिणीताईंना नमस्कार सांगा. तो म्हणाला, सांगतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. धुडकूने सोनं दिलं. त्याच्याकडून कळलं, सुपडू पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात पुन्हा कारागीर म्हणून लागलाय, रात्रपाळीला. रुक्मिणी घरी साड्यांना टिकल्या लावते. एका साडीचे चार रुपये.

ललितभाईंचा पहिला हप्ता वेळेवर आला. तो न येता तर निदान मला कुठेतरी बरं वाटलं असतं, असा विचार मनात आला. असा विचार करणारी बाई कर्ज-अधिकारी आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

झोनल ऑफिसचं पत्र, माझ्या नावाने. सप्टेंबरअखेर झोनमधल्या यंत्रमागांच्या खात्यांत सगळ्यात कमी बुडीत आमच्या शाखेत. एक खातं वेळेवर 'ओळखून' पूर्ण वसूल केल्याबद्दल विशेष उल्लेख. बडोद्याला नव्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण आहे, तिथे मी एक तास बोलावं: मंदीत कर्जदार कसा ओळखावा, जागेवरच्या पाहणीत काय बघावं. व्यास साहेबांनी स्टाफला चहा पाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धुडकूनेही वाजवल्या, ट्रे खाली ठेवून.

शोभाला फोन करून सांगितलं. तिला खरंच आनंद झाला. आई असती तर, म्हणाली. आज रिसीव्हर तसाच ठेवला नाही कोणी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बडोदा. वर्गात बावीस मुलंमुली, नवीन डायऱ्या, टोकदार पेन्सिली. मी मोटारीवर हात ठेवायचं सांगितलं, ते त्यांना फार आवडलं. बीम मोजा, साठा बघा, वही रोजची आहे का ते बघा, कळवून जाऊ नका. पाच मुद्दे. उदाहरण म्हणून आठ मागांचं आणि बारा मागांचं, अशी दोन खाती नावं न घेता सांगितली. मुद्दे फळ्यावर लिहिले. खडू मोडला तेव्हा हसले सुद्धा.

मग हर्षदा नावाची मुलगी उठली. नवसारी शाखेची, मराठीच, पंचविशीची. नोकरी लागून सहा महिने झालेत आणि गावात एकटी राहते, हे आधी चहाच्या वेळी तिने मला सांगितलं होतं. तिने विचारलं, "मॅडम, त्या आठ मागांच्या खात्यात आकडे तर दुसऱ्या खात्याइतकेच होते. मग नाही म्हणायचं तुम्ही नक्की कशावरून ठरवलंत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. व्यास साहेबही पहिल्या रांगेत आले होते, त्यांनी चष्मा काढला. सांगायला मला यापेक्षा चांगली जागा पुन्हा मिळणार नाही, हे मला कळत होतं. ही मुलगी नवसारीत एकटी राहते. उद्या तिला कोणीतरी घरी बोलावेल, किंवा बोलावणार नाही, आणि सोमवारी तिच्या हातात तो अकरावा रकाना असेल.

मी म्हटलं, "कागदावरून. सगळं कागदावर असतं, नीट वाचायचं."

तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.